बाळाचे लंगोट : घरच्या घरी सुरुवात कशी करावी

आपल्याकडील बाळंतविड्यात झबली, टोपडी, कुंची आणि दुपटी यांच्याबरोबर लंगोटांची एक जाड चळत असे. आजीच्या जुन्या लुगड्याचे किंवा आजोबांच्या विरलेल्या धोतराचे ते चौकोनी तुकडे असत. गेल्या काही दशकांत ही चळत कमी होत गेली आणि तिची जागा डायपरच्या पाकिटांनी घेतली. आता काही तरुण आईवडील पुन्हा कापडाकडे वळू लागले आहेत. कोणाला खर्च जाचतो, कोणाला कचऱ्याची चिंता वाटते, तर कोणाला बाळाच्या त्वचेवर उठणारे पुरळ बेचैन करते. मात्र मधल्या काळात या विषयातील घरगुती माहितीचा धागा तुटला. जुन्यांपैकी काही चांगले विसरले गेले आणि काही धोकादायक तेवढे टिकून राहिले. म्हणून ज्यांना कापडी लंगोट वापरावयाचे आहेत त्यांना उपयोगी पडेल अशी माहिती, वैद्यकीय दृष्टीने तपासून, येथे एकत्र मांडली आहे.

दोन कामे, दोन वस्तू

लंगोटाचा विचार करताना दोन कामे वेगळी करून पाहावीत. पहिले काम ओल शोषून घेण्याचे. ते सुती कापड करते. दुसरे काम ती ओल बाहेरच्या कपड्यांपर्यंत जाऊ न देण्याचे. ते लंगोटावरून घालावयाची चड्डी करते. या लेखात तिला आपण ‘वरची चड्डी’ म्हणू. जुन्या पद्धतीत ही दुसरी वस्तू नव्हतीच. बाळाखाली मेणकापड आणि त्यावर दुपटे अंथरले की काम भागत असे. आज बाळाला घेऊन बाहेर जावे लागते, गाडीत बसावे लागते, म्हणून वरच्या चड्डीची गरज भासते. पण घरात, विशेषतः आपल्या इंदूरच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात, ती घालावीच असे नाही. नुसता लंगोट, खाली मेणकापड व सुती दुपटे, ही जुनी रीत त्वचेला आजही सर्वांत सुखाची आहे.

कापड, घडी आणि संख्या

लंगोटासाठी जुने, अनेकदा धुतलेले सुती कापड उत्तम. नव्या कापडात खळ असते आणि ती निघून जाईपर्यंत कापड पाणी नीट पीत नाही. म्हणून नवी मलमल आणल्यास ती गरम पाण्यात तीन-चार वेळा धुऊन मगच वापरावी. साधारण ६० ते ७० सेंटीमीटरचा चौकोन कापावा, कडा दुमडून शिवाव्यात आणि सुटे धागे कापून टाकावेत. ही शेवटची सूचना किरकोळ नाही. सुटा धागा किंवा आईचा गळलेला केस बाळाच्या पायाच्या बोटाभोवती अथवा शिश्नाभोवती गुंडाळला जाऊन तेथील रक्तपुरवठा थांबल्याची उदाहरणे वैद्यकात सुपरिचित आहेत. अकारण रडणाऱ्या बाळाला तपासताना डॉक्टर लंगोट सोडून पाहतात ते यासाठीही.

चौकोनाचा त्रिकोण करून मधोमध एक आयताकृती घडी ठेवली की नवजात बाळाला पुरते. मुलगा असेल तर जाड भाग पुढे यावा. नाळ गळून पडेपर्यंत लंगोटाची वरची कड बेंबीच्या खाली दुमडावी, म्हणजे नाळ कोरडी राहते. लंगोट बांधताना बाळाचे पाय गुडघ्यात वाकलेले आणि बाजूला फाकलेले राहिले पाहिजेत. पाय सरळ करून घट्ट गुंडाळण्याची पद्धत खुब्याच्या सांध्याला घातक आहे. त्याने सांधा निखळण्याची शक्यता वाढते.

पहिल्या दोन महिन्यांत दिवसाला दहा-बारा लंगोट सहज लागतात. रोज धुणे होणार असेल तर २४ ते ३० लंगोट आणि ५-६ वरच्या चड्ड्या एवढा संच पुरेसा होतो. आधी डझनभर लंगोट आणि दोन चड्ड्यांवर आठवडाभर प्रयोग करून मग पुढचे शिवावे. बाजारात मिळणारे जाड, शिवलेले अनेक थरांचे लंगोट घालायला सोपे असतात, पण पावसाळ्यात वाळता वाळत नाहीत. एकपदरी सपाट कापड उलगडले की लवकर धुतले जाते आणि लवकर वाळते, हा त्याचा मोठा गुण होय.

वरच्या चड्डीची गोष्ट

घरी शिवलेली वरची चड्डी ही मोठ्या उद्योगाची जननी ठरली, हे अनेकांना ठाऊक नसेल. १९४६ साली मॅरियन डोनोव्हन या अमेरिकन गृहिणीने आपल्या न्हाणीघरातील प्लॅस्टिकचा पडदा कापून शिवणयंत्रावर पहिली चड्डी शिवली. त्या वेळी रबराच्या चड्ड्या मिळत. पण त्या त्वचेला काचत आणि आत वाफ कोंडत. डोनोव्हन यांनी पुढे पॅराशूटचे नायलॉन कापड वापरले आणि पिनांऐवजी टिचबटणे लावली. १९४९ साली न्यूयॉर्कच्या एका नामांकित दुकानात ही चड्डी विक्रीस आली आणि १९५१ साली त्यांना पेटंट मिळाले. एकदा वापरून फेकून देण्याजोग्या ‘पॅम्पर्स’ डायपरचे युग त्यानंतर, १९६१ पासून सुरू झाले.

या इतिहासातून घ्यावयाचा धडा असा की, चड्डीने पाणी अडवावे, पण हवा कोंडू नये. साध्या प्लॅस्टिकची चड्डी हे दुसरे काम करीत नाही, म्हणून ती टाळावी. घरी शिवण्यासाठी दोन पर्याय चांगले आहेत.

पहिला पर्याय लोकरीचा. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश बाष्प ओलसर न भासता सामावून घेते आणि हळूहळू बाहेर सोडते. मेंढीच्या अंगच्या मेणामुळे, म्हणजे लॅनोलिनमुळे, ती पाणीही अडवते. घरातील जुना शुद्ध लोकरीचा स्वेटर यासाठी उत्तम. तो गरम पाण्यात चोळून धुतला की आटतो आणि घट्ट, नमद्यासारखा होतो. स्वेटर खरोखर लोकरीचा आहे की कृत्रिम धाग्याचा, हे एक धागा जाळून ओळखता येते. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक मणी होतो. कृत्रिम स्वेटर आटत नाही आणि या कामाचाही नाही.

दुसरा पर्याय म्हणजे पातळ पॉलिस्टरवर पॉलियुरेथेनचा थर बसवलेले कापड. व्यापारी त्याला ‘पी.यू.एल.’ म्हणतात. ते पाणी अडवते, साध्या प्लॅस्टिकपेक्षा बरे श्वसते, यंत्रात धुता येते आणि कापल्यावर त्याचे धागे सुटत नाहीत.

शिवण्याची रीत

चार ते सात किलो वजनाच्या बाळासाठी पुढील मापे घ्यावीत. बाळागणिक फरक पडतो, म्हणून आधी जुन्या कापडावर नमुना करून पाहावा.

१. कागदावर डमरूच्या आकाराचा नमुना काढावा. एकूण लांबी ३८ सेंटीमीटर, मागची रुंदी ३४, पुढची रुंदी २४ आणि मध्यभागी, दोन मांड्यांमधील रुंदी १५ सेंटीमीटर. शिलाईसाठी भोवताली एक सेंटीमीटर जास्त ठेवावे.

२. पी.यू.एल. कापडाची चकचकीत बाजू आत, म्हणजे लंगोटाकडे ठेवावी. मधल्या भागात टाचण्या टोचू नयेत. प्रत्येक छिद्रातून पाणी झिरपते. कडेला चिमटे लावावेत.

३. बारीक सुई, पॉलिस्टरचा धागा आणि तीन मिलिमीटरचा लांब टाका वापरावा. सुती धागा ओल शोषून बाहेर आणतो.

४. मांड्यांच्या दोन्ही वळणांत आणि मागच्या कमरेला सहा मिलिमीटर रुंदीचे इलास्टिक बसवावे. इलास्टिकची लांबी ते ज्या भागात बसवायचे त्याच्या दोन तृतीयांश ठेवावी.

५. मागच्या दोन टोकांना वेल्क्रो किंवा टिचबटणे लावावीत. पुढे बटणांच्या दोन-तीन रांगा दिल्या की वाढत्या बाळाला तीच चड्डी काही महिने पुरते.

लोकरीची चड्डी शिवताना हाच नमुना वापरावा. स्वेटरच्या खालची विणीची पट्टी कमरेला व मांड्यांना लावली की इलास्टिकचीही गरज उरत नाही. शिवून झाल्यावर तिला लॅनोलिन द्यावे. अर्धा चमचा शुद्ध लॅनोलिन कपभर गरम पाण्यात सौम्य द्रवसाबणाच्या काही थेंबांसह दुधाळ होईपर्यंत ढवळावे, ते कोमट पाण्यात मिसळून त्यात चड्डी काही तास बुडवावी, टॉवेलात गुंडाळून दाबावी आणि सावलीत वाळवावी. अशी चड्डी नुसती हवेशीर ठेवून पुन्हा वापरता येते. शी लागली नसेल तर आठ-दहा दिवसांतून एकदा धुणे पुरते.

घातल्यावर दोन गोष्टी पाहाव्यात. इलास्टिकखालून एक बोट सहज सरकले पाहिजे. चड्डी काढल्यावर लाल वण बराच वेळ राहत असेल तर ती घट्ट आहे. दुसरे असे की, लंगोटाची कोणतीही कड बाहेर डोकावता कामा नये. तसे झाल्यास ओल वातीसारखी बाहेर येते आणि चड्डी गळते असा चुकीचा समज होतो.

धुणे आणि वाळवणे

शी आधी संडासात टाकावी आणि लंगोट थंड पाण्यात खळबळून घ्यावा. गरम पाण्याने डाग पक्का बसतो. नंतर नेहमीच्या धुण्याच्या पावडरीने, शी लागलेले लंगोट शक्यतो ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात, धुवावेत. खरे महत्त्व खळबळण्याला आहे. कापडात राहिलेला साबण त्वचेला झोंबतो. बोअरिंगच्या जड पाण्यात साध्या साबणाचा साका बसून लंगोट कडक होतात. तेथे पावडर बरी आणि शेवटचे पाणी शक्य असल्यास नळाचे वापरावे. कपडे मऊ करण्याचे द्रव वापरू नयेत, कारण त्यांच्या थराने कापडाची शोषणशक्ती घटते.

जंतुनाशक द्रावणाचा मोह तर कटाक्षाने टाळावा. १९६७ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथे एका नवजात-कक्षाच्या कपड्यांना धुलाईत पेंटाक्लोरोफेनॉल हे बुरशीनाशक लागले. ते लंगोटांतून व चादरींतून त्वचेवाटे बाळांच्या शरीरात शिरले. घाम, ताप आणि धाप यांनी बाळे आजारी पडली आणि त्यांतील २ दगावली. नवजात त्वचा कापडातील रसायन किती सहज आत घेते, याचा हा दाखला आहे. स्वच्छ पाणी, योग्य तापमान आणि कडक ऊन एवढे पुरते. पावसाळ्यात ऊन नसेल तेव्हा पंख्याखाली वाळवून गरम इस्त्री फिरवावी.

‘तान्ह्या बाळाची शी म्हणजे काय घाण!’ असे म्हणण्याची पद्धत आहे. परंतु रोटाव्हायरससारखे विषाणू तिच्यातूनच घरभर पसरतात. लंगोट बदलल्यावर आणि धुतल्यावर साबणाने हात धुणे घरातील सर्वांना, धुणे करणाऱ्या बाईंनाही, आवश्यक आहे. त्यासाठी त्यांना साबण आणि गरम पाणी देणे ही घराची जबाबदारी.

डांबरगोळ्यांचा धोका

या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना ही आहे. थोरल्या भावंडाचे लंगोट, दुपटी, लोकरी कपडे ट्रंकेत डांबरगोळ्या घालून जपून ठेवण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. या गोळ्यांतील नॅप्थलिन कापडात मुरते आणि श्वासावाटे व त्वचेवाटे बाळाच्या शरीरात जाते. ते तेलात विरघळते, म्हणून तेल चोळलेल्या अंगावर असे कपडे घालणे अधिकच वाईट. ज्या बाळांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पी-डी नावाचे विकर कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी नॅप्थलिनमुळे झपाट्याने फुटतात, कावीळ एकाएकी वाढते आणि बिलिरुबिन मेंदूपर्यंत पोहोचून बहिरेपण किंवा कायमचे अपंगत्व येऊ शकते. प्रसंगी जीवही जातो. हा दोष जन्मजात असून मुलांमध्ये अधिक दिसतो. पारशी व सिंधी समाजांत आणि मध्य भारतातील काही आदिवासी समूहांत त्याचे प्रमाण जास्त असले, तरी तो कोणत्याही घरात असू शकतो.

म्हणून डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे नवजात बाळाला घालूच नयेत. धुऊन वास गेला म्हणजे नॅप्थलिन पूर्ण गेले असे नाही. कपडे जपायचे असतील तर स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत; हवा तर वाळलेला कडुलिंबाचा पाला मलमलीच्या पुरचुंडीत घालावा. कावीळ झालेल्या नवजात बाळाच्या घरच्यांना ‘कपडे कशात ठेवले होते?’ हा प्रश्न डॉक्टरांनी आवर्जून विचारावा.

पुरळ का उठते

१९२१ साली कुक यांनी लघवीतील अमोनियाला पुरळाचा अपराधी ठरवले आणि ती समजूत अर्धशतक टिकली. १९७७ साली लायडन व सहकाऱ्यांनी पुरळ असलेल्या व नसलेल्या बाळांत अमोनियाचे प्रमाण सारखेच आढळल्याचे दाखवले. आज चित्र असे आहे : सततच्या ओलीने त्वचा भिजून फुगते, घर्षणाने सोलवटते, लघवी व शी एकत्र आल्या की त्वचेची आम्लता घटते आणि शीतील प्रथिने व स्निग्धांश पचवणारी विकरे जोर धरतात. म्हणजे लंगोट कशाचा, यापेक्षा तो किती वेळ ओला राहिला, हा प्रश्न मोठा. दिवसा दोन-अडीच तासांनी आणि शी झाल्यावर लगेच बदलणे, साध्या पाण्याने धुऊन टिपणे आणि रोज थोडा वेळ बाळाला उघडे ठेवणे, हाच मुख्य उपाय. डायपरमुळे पुरळ कमी होते की नाही, हे ठरवण्याइतका भक्कम पुरावा २००६ च्या कोक्रेन समीक्षेलाही सापडला नाही.

साधे पुरळ त्वचेच्या उंचवट्यांवर असते आणि जांघेच्या घड्या सुटलेल्या असतात. घड्यांत गडद लाली आणि कडेला सुटे लाल ठिपके दिसले तर कँडिडा बुरशी समजावी आणि डॉक्टरांना दाखवावे. या काळात लंगोट कढत पाण्यात धुऊन इस्त्री करावी. झिंक ऑक्साइडचे मलम चांगले. मात्र ते कापडावर बसून शोषण घटवते, म्हणून मध्ये पातळ मलमलीचा तुकडा घालावा. पावडर टाळावी, ती बाळाच्या श्वासात जाते. आणि दुकानातून परस्पर आणलेली, स्टेरॉइड, जंतुनाशक व बुरशीनाशक यांचे मिश्रण असलेली मलमे तर कधीच लावू नयेत. लंगोट व चड्डीच्या झाकणाखाली तीव्र स्टेरॉइड फार प्रमाणात शोषले जाते. त्याने त्वचा पातळ होते, तोंड सुजल्यासारखे दिसू लागते आणि बाळाची वाढ खुंटते.

लंगोट काय सांगतो

कापडी लंगोटाचा एक फायदा क्वचितच सांगितला जातो. डायपरमधील शोषक भुकटी ओल लपवते. कापड ती दाखवते. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट चांगले ओले होत असतील तर बाळाला दूध पुरते आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत विटकरी-गुलाबी डाग दिसू शकतो. तो पुढेही राहिला तर दूध कमी पडते आहे का, ते तपासावे.

नवजात बाळाची लघवी जवळजवळ बिनरंगी असते. लंगोटावर गडद पिवळा डाग पडत असेल, आणि शी पांढुरकी, मातकट असेल, तर हे पित्तनलिका बंद असल्याचे लक्षण असू शकते. ‘बाळाला जरा कावीळ आहे, उन्हात धरा’ म्हणून थांबू नये. या विकारावरील कासाई शस्त्रक्रिया पहिल्या ६० दिवसांत झाली तर यशाची शक्यता सर्वांत अधिक असते. मुलाची लघवी धारेने न होता सतत थेंबथेंब होत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

हिशेब आणि श्रम

पर्यावरणाचा हिशेब साधा नाही. ब्रिटनमधील २००८ च्या सरकारी अभ्यासात कापड व डायपर यांचा कर्बभार जवळपास सारखाच निघाला होता. कापडाची बाजू ठरते ती धुण्याच्या पद्धतीवर : पूर्ण भरलेले यंत्र, दोरीवर वाळवणे आणि तेच लंगोट धाकट्या भावंडाला वापरणे यांनी तो भार बराच घटतो. तेथील २०२३ च्या अभ्यासात कापडाचा भार सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळला. आपल्याकडे ऊन फुकट असल्याने कापडाची बाजू बळकट आहे. इंदूरमध्ये वापरलेले डायपर वेगळे द्यावे लागतात; त्यांचे पुढे काय करायचे हा प्रश्न मात्र प्रत्येक शहरापुढे आहे.

तथापि कापड म्हणजे श्रम, हे लपवू नये. बाळंतिणीने रात्री चारदा उठून दूध पाजावे आणि सकाळी तीस लंगोट धुवावेत, अशी अपेक्षा असेल तर त्यापेक्षा डायपर बरे. रात्री किंवा प्रवासात डायपर आणि दिवसा घरी कापड, ही तडजोड पूर्णपणे योग्य आहे. ज्या घरात वडील लंगोट धुतात, आजोबा घड्या घालतात आणि शिवणयंत्रावर बसायला एखादी मावशी किंवा आत्या असते, तेथे कापडी लंगोट सुखाचे होतात. बाळंतविडा तयार करतानाच ही कामे कोण करणार, हे घरच्यांनी आपसांत ठरवून घ्यावे.